शांत बसण्याची नोकरी

धुळ्याच्या बाहेर, दोन महामार्ग एकमेकांना छेदतात तिथून जवळच एका दुमजली इमारतीत बसून हर्षदा देवरे ट्रक चालवायची. ट्रक मात्र धुळ्यात नसायचे. कधी सोलापूरच्या अलीकडे, कधी इंदूरच्या पलीकडे. ते बिनचालकाचे ट्रक होते. मोकळ्या रस्त्यावर त्यांचं त्यांना छान जमायचं. पण मेंढ्यांचा कळप आडवा आला, पोलिसाने हाताने खुणा करून गाड्या वळवल्या किंवा रस्त्यातच वरात नाचायला लागली, की ट्रक गोंधळून उभा राहायचा आणि मदत मागायचा. मग धुळ्यातल्या खोलीत कुणाच्या तरी पडद्यावर तो रस्ता उमटायचा. तो माणूस समोरच्या चाकावर हात ठेवायचा आणि ट्रकला त्या गोंधळातून बाहेर काढून पुन्हा मोकळा सोडायचा. या लोकांना दूरचालक म्हणत.

काम वाटतं तेवढं सोपं नव्हतं. एका गोंधळातून डोकं बाहेर काढलं की लगेच दुसऱ्यात घालायचं. सोलापूरची मेंढरं नजरेसमोरून हलायच्या आत इंदूरचा टोलनाका पुढ्यात यायचा. माणसं थकायची, चुकायची, आणि वर्षभरात नोकरी सोडायची. केंद्रप्रमुख प्रफुल्ल अहिरराव त्यामुळे कायम चिंतेत असत. माणूस वाईट नव्हता. वरून आलेला प्रत्येक निरोप ते धावत येऊन खोलीत सांगत, आणि ते आले की सगळ्यांचे खांदे आपोआप कानांकडे चढत.

त्यांनीच पुण्याहून डॉक्टर रेवती खासनीस यांना बोलावलं. या बाईंनी शरीरातला ताण मोजणारी एक पट्टी तयार केली होती. नखाएवढी, कानामागे चिकटवायची. ताण आला की शरीर काही रसायनं सोडतं, ती घामात उतरतात. शिवाय हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर बदलतं. पट्टी या दोन्ही गोष्टी टिपायची आणि प्रत्येकाचा ताण पडद्यावर एका रेघेने दाखवायची. रेघ वर म्हणजे ताण जास्त.

महिनाभर रेघा पाहिल्यावर खासनीस बाईंना एक वेगळीच गोष्ट दिसली. एकत्र बसणाऱ्या माणसांचे ठोके नकळत एकमेकांच्या लयीत येतात, हे शास्त्रज्ञांना आधीपासून ठाऊक होतं. एकत्र गाणाऱ्यांचे येतात, आई आणि बाळाचे येतात. आपण दुसऱ्याचा श्वास, आवाज, मानेचा ताठरपणा सारखा टिपत असतो आणि आपलं शरीर त्याच्या मागे जातं. पण या खोलीत सगळे एकाच व्यक्तीच्या मागे जात होते. हर्षदाची रेघ खाली असली की बाकीच्या रेघा हळूहळू खाली सरकत. ती रजेवर असली की त्या वर चढत आणि चुका जवळजवळ दुप्पट होत.

हर्षदाला हे सांगितलं तेव्हा तिला हसू आलं. ती म्हणाली, मी तर काहीच करत नाही.

अहिररावांना मात्र उपाय सापडला होता. देशभरातल्या घाटरस्त्यांचं काम त्यांच्या कंपनीला मिळण्याची शक्यता होती, आणि त्याआधी दिल्लीचे अधिकारी पाहणीला येणार होते. त्यांनी हर्षदाला चाकावरून उठवलं. खोलीच्या मधोमध एक आरामखुर्ची ठेवली आणि तिला तिथे बसवलं. हुद्दा वाढला, पगार वाढला. काम एकच, शांत बसायचं.

पहिले काही दिवस मजेत गेले. हर्षदाने पुस्तकं वाचली, लोकरीचं विणकाम करून पाहिलं, आणि ते सोडूनही दिलं. येणारा-जाणारा तिला चहा विचारायचा. तिच्या शेजारच्या चाकावर बसणारा सलीम तडवी तिला गमतीने गुरुमाऊली म्हणू लागला. चुका खरोखरच कमी झाल्या. अहिरराव आठवड्यातून दोनदा हसले.

पण दुसऱ्या महिन्यात हर्षदाचे हात शिवशिवायला लागले. सलीमच्या पडद्यावर ट्रक अडकला की तिची बोटं आपोआप वळायची. एकदा तिने फक्त एवढंच म्हटलं, की डावीकडून घेतलास तर निघेल. अहिरराव लगबगीने आले आणि अदबीने म्हणाले की मॅडम, तुम्ही यात लक्ष घालू नका, तुमची रेघ हलते. तिने पुस्तक पुन्हा उघडलं. जे काम तिला उत्तम यायचं ते तिच्यासमोर होत होतं, आणि ते न करण्याबद्दल तिचं कौतुक होत होतं.

याहून विचित्र बदल घरी झाला.

तिचा नवरा किरण देवपूर भागात शेवभाजी आणि वांग्याच्या भरताचं छोटं खानावळवजा हॉटेल चालवायचा. तो मुळात वादाची आवड असलेला माणूस. भाजीत मिरची किती, खिडकी उघडी की बंद, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, कशावरही तो तावातावाने बोलायचा. हर्षदा शांतपणे त्याचे मुद्दे एकेक करून खोडायची. शेवटी दोघंही हसत सुटायची. लग्नाला चौदा वर्षं झाली तरी त्यांचे विषय संपले नव्हते.

आता किरण वाद घालेना. ती म्हणाली खिडकी बंद कर, की तो बंद करायचा. ती म्हणाली उघड, की उघडायचा. मुलगी जुई परीक्षेचे गुण सांगायची नाही. टीव्हीवरच्या बातम्या ती आली की बंद व्हायच्या. एका संध्याकाळी हर्षदाने मुद्दाम त्याच्या भरताला नावं ठेवली. म्हणाली, आज अगदीच बेचव झालंय. किरणने मान खाली घातली आणि म्हणाला, बरोबर आहे तुझं.

“तुला बरं नाही का?” तिने विचारलं.

“मी छान आहे. तू निवांत राहा,” तो म्हणाला आणि तिच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

भरलेल्या घरात आपण पाहुणे झालो आहोत असं तिला वाटलं. कानामागच्या पट्टीची रेघ मात्र घरीही खालीच होती. पट्टीला कंटाळा मोजता येत नव्हता.

पाहणीच्या आदल्या दिवशी सकाळी तिला शिरपूरहून फोन आला. तिच्या वडिलांच्या, तात्यांच्या, शेजारी राहणाऱ्या शैलाकाकूंचा. काकूंनी सहज विचारलं, तात्यांना दवाखान्यातून कधी सोडणार?

हर्षदाला काहीच कळेना. तिने काकूंकडून सगळं काढून घेतलं. चार दिवसांपूर्वी तात्या शेवग्याच्या शेंगा काढायला शिडीवर चढले आणि पडले. मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, ती नीट पार पडली. किरणच त्यांना दवाखान्यात घेऊन गेला होता. या चार दिवसांत ती रोज तात्यांशी फोनवर बोलली होती. आवाज थोडा खोल वाटला, तर ते म्हणाले होते की सर्दी झालीय.

तिने किरणला गाठलं तेव्हा तो हॉटेलात कांदे चिरत होता. त्याने काहीही लपवलं नाही. अहिरराव स्वतः घरी येऊन त्याला भेटले होते, पहिल्याच महिन्यात. ताईंना घरी त्रास होऊ देऊ नका, त्यांच्यावर पूर्ण खोली चालते, असं हात जोडून सांगून गेले होते. तात्या पडले तेव्हा किरणने अहिररावांना फोन केला, तर ते म्हणाले, पाहणीपर्यंत तेवढं थांबा. तात्यांनीही होकार दिला होता. पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे म्हणाले होते.

हर्षदा हॉटेलात उभी राहून ओरडली. गिऱ्हाइकं वळून पाहायला लागली. माझ्या बापाचं हाड मोडतं आणि मी खुर्चीत पुस्तक वाचत बसते, हे तुम्ही तिघांनी मिळून ठरवलंत, आणि मला विचारलंसुद्धा नाही, असं ती म्हणाली. किरण आधी कांदेच चिरत राहिला. मग त्याचाही आवाज चढला. त्याला हे मुळीच पटलं नव्हतं, चार रात्री झोप लागली नव्हती, आणि तिच्यासमोर गोड बोलून बोलून त्याचा जीव आंबून गेला होता. दोघं बराच वेळ भांडली. मग त्याने सुरी खाली ठेवली, हॉटेल मदतनिसाच्या हवाली केलं, आणि दोघं शिरपूरला निघाली.

तात्यांना पाहिल्यावर ती पुन्हा भडकली. या वयात शिडीवर चढायचं काय अडलं होतं, खोटं कशाला बोललात, सर्दी म्हणे. तात्या उशीला टेकून ऐकत होते. ती दमून खुर्चीत बसली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

“चार दिवस सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलताहेत,” ते म्हणाले. “मला वाटलं, माझं काही खरं नाही. आता तू ओरडलीस, तेव्हा बरं वाटलं.”

किरण दाराशी उभा राहून हसायला लागला, आणि मग तिलाही हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी ती केंद्रात गेली ती राजीनामा द्यायचा की भांडायचं हे न ठरवताच. दिल्लीहून आलेले अधिकारी, बलबीर चढ्ढा नावाचे एक थोराड गृहस्थ, आधीच खोलीत फिरत होते. हर्षदा आत आली आणि थोड्याच वेळात पडद्यावरच्या सगळ्या रेघा वर सरकू लागल्या. ती कुणाशी एक शब्दही बोललेली नव्हती. खासनीस बाईंनी ते पाहिलं आणि तिच्याजवळ येऊन हळूच विचारलं की काय झालं. हर्षदाने जे झालं ते सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. आपल्या पट्टीचा असा उपयोग घरापर्यंत गेलाय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तेवढ्यात अहिरराव आले आणि कुजबुजत म्हणाले की मॅडम, हवं तर आज तुम्ही घरी जा.

त्याच क्षणी सलीमच्या पडद्यावर लाल दिवा लागला.

ट्रक कन्नडच्या घाटात होता, संभाजीनगरहून चाळीसगावकडे उतरत. मागे थंड पेटीत इन्सुलिनचा साठा. विजेचा ट्रक उतारावर वेग आवरतो तो मुख्यतः मोटरच्या जोरावर. चाकं मोटरला फिरवतात, मोटर वीज तयार करते, ती वीज बॅटरीत जाते, आणि या खटाटोपात गाडीचा जोर कमी होतो. पण कुणीतरी घाटमाथ्यावरच बॅटरी गच्च भरली होती. नव्या विजेला जायला जागाच नव्हती. त्यामुळे सगळा भार साध्या ब्रेकवर आला, ते तापले, आणि आता नीट धरत नव्हते. ट्रक वळणामागून वळण घेत वेग धरत होता. पुढच्या एका वळणावर बँडवाल्यांचा टेम्पो बंद पडलेला, आणि लाल डगले घातलेली माणसं त्याला ढकलत होती.

सलीमचे हात चाकावर गोठले. त्याने मान वळवून मागे पाहिलं.

“ताई,” तो म्हणाला, “घ्या.”

हर्षदा खुर्ची ओलांडून त्याच्या जागेवर बसली. तिचं हृदय इतक्या जोरात धडधडत होतं की कानात ऐकू येत होतं. तिने आधी ट्रक डोंगराच्या बाजूला घेतला. मग तिच्या लक्षात आलं की बॅटरीत जागा हवी असेल तर ती रिकामी करायला हवी. तिने सलीमला सांगितलं, विजेवर चालणारं जे जे आहे ते सुरू कर. सलीमने थंड पेटीचं यंत्र पूर्ण जोरात लावलं, रिकाम्या केबिनमधला हीटर लावला, सगळे दिवे लावले, काचांवरचे वायपर फिरवले. दरम्यान खोली आपोआप कामाला लागली होती. कुणी महामार्ग पोलिसांना कळवत होतं. कुणी मागून येणारे ट्रक वरच थोपवत होतं. एकजण टेम्पोजवळच्या खांबावरच्या भोंग्यातून बँडवाल्यांना ओरडून सांगत होता की टेम्पो सोडा आणि कड्याला चिकटा. पडद्यावर एकूण एक रेघ वरच्या टोकाला पोचली होती.

मोटरने थोडी वीज घ्यायला सुरुवात केली. वेग जरा उतरला, पुरेसा नाही. हर्षदाने ट्रकची डावी चाकं डोंगराकडच्या मातीच्या गटारात उतरवली. ट्रक कलला, घासला, माती उडाली, समोरचा कॅमेरा थरथरला. तिने चाक घट्ट धरून ठेवलं. ट्रक घासत घासत टेम्पोच्या अलीकडे येऊन थांबला, तो इतका जवळ की डगलेवाल्यांपैकी एकाने पुढे होऊन त्याच्या नाकाडावर, बैलाच्या पाठीवर थोपटावं तसं थोपटलं. मग त्याला बहुधा काय करावं ते सुचेना. त्याने गळ्यातला कर्णा तोंडाला लावला आणि एक लांबलचक सूर काढला.

खोलीत कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच.

अहिरराव घाईने पाण्याचा ग्लास घेऊन आले. हर्षदाने तो धरला, तर पाणी सांडायला लागलं. तिचे हात, गुडघे, हनुवटीसुद्धा थरथरत होती. शांत व्हा, शांत व्हा, असं अहिरराव म्हणू लागले.

“सर,” ती म्हणाली, “मला जरा वेळ थरथरू द्या.”

सलीम तिच्या शेजारी जमिनीवरच बसला, त्याचेही हात थरथरत होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि ती हसू लागली. ते हसू खोलीभर पसरलं.

चढ्ढासाहेब मात्र पडद्यासमोर उभे होते. त्यांनी खासनीस बाईंना विचारलं की तुम्ही इथे ताण कमी करण्याचा प्रयोग करताय ना, मग या रेघा काय सांगतात?

बाईंनी त्यांना थोडं थांबायला सांगितलं. हर्षदाची थरथर ओसरली, ती पाणी प्यायली, आणि पडद्यावर तिची रेघ उतरू लागली. तिच्यामागे सलीमची, मग बाकीच्यांच्या. बघता बघता सगळ्या खाली आल्या, एरवीपेक्षाही खाली. बाई म्हणाल्या की मीच चुकीचं मोजत होते. ताण चढणं हा रोग नाही. समोर संकट असतं तेव्हा शरीर रक्त, साखर, लक्ष, सगळं एका जागी आणतं, आणि माणूस एरवी करू शकत नाही ते करतो. रोग होतो तो चढलेला ताण उतरू दिला नाही तर. काम संपल्याबरोबर दुसरं पुढ्यात टाकलं तर. किंवा करण्यासारखं काहीच हातात दिलं नाही तर. त्यांनी पडद्यावर एक जुना दिवस काढून दाखवला. त्या दिवशी एकही संकट नव्हतं, तरी रेघा पुनःपुन्हा थोड्या थोड्या उसळत होत्या आणि उतरत नव्हत्या. चढ्ढांनी विचारलं की तेव्हा काय घडत होतं? बाईंनी उत्तर द्यायचं टाळलं. अहिररावांनी मात्र वेळा वाचल्या आणि स्वतःच म्हणाले, “तेव्हा मी खोलीत येत होतो.”

त्या दुपारी हर्षदाने राजीनामा दिला नाही, अटी घातल्या. तिचं चाक तिला परत हवं. कठीण प्रसंग हाताळून उठलेल्या माणसाला रेघ उतरेपर्यंत कुणी हाक मारायची नाही. पट्टी दारातून बाहेर जाताना काढून ठेवायची. आणि कुणाच्याही घरी, कुठल्याही कारणाने, कंपनीतून फोन जाणार नाही. शेवटची अट ऐकताना अहिररावांनी मान खाली घातली होती. दुसऱ्या दिवशी ते फुलं घेऊन शिरपूरला जाऊन आले. तात्यांनी त्यांना दोन तास बसवून ठेवलं आणि शिडी कशी घसरली ते तीन वेळा सांगितलं.

घाटरस्त्यांचं काम कंपनीला मिळालं, पण पूर्ण नाही. चढ्ढांनी निम्मं दिलं आणि लिहिलं की एवढ्या माणसांना एवढंच झेपेल. अहिररावांना आधी ते लागलं. मग त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं आणि आणखी माणसं घेण्यासाठी वर पत्र पाठवलं.

पावसाळा सरत आला तेव्हा एका दुपारी सलीमने जळगावच्या अलीकडे पुरात अडकलेला ट्रक बाहेर काढला आणि ठरल्याप्रमाणे उठून अंगणात गेला. त्याच्या पडद्यावर लगेच दुसरा ट्रक येऊन उभा राहिला. नेमकं तेव्हाच अहिरराव खोलीत होते. आता ते दारावर टकटक करून यायचे. त्यांचा हात खिशातल्या फोनकडे गेला. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. सलीम लिंबाच्या सावलीत बूट काढून बसला होता. अहिररावांनी फोन खिशातच ठेवला.

दूरचालकाचा परवाना प्रत्येक केंद्रप्रमुखाला काढावाच लागायचा. त्यांच्याकडेही होता, पण परीक्षेनंतर त्यांनी चाकाला हात लावला नव्हता. ते सलीमच्या जागेवर बसले. प्रसंग साधा होता. नगरच्या बाहेर एका शाळेसमोर मुलांची रांग रस्ता ओलांडत होती आणि ट्रकला तिचा शेवट कुठे ते समजत नव्हतं. रांग संपली असं वाटलं की आणखी एक मूल धावत यायचं. अहिरराव दर वेळी थांबले. त्यांच्या कपाळावर घाम आला, पाठ ताठ झाली, ओठ दातांत धरले गेले. शेवटचं मूल पलीकडे पोचलं, वळून त्याने रिकाम्या केबिनकडे पाहून हात हलवला, आणि ट्रक सावकाश पुढे सरकला.

अहिररावांनी चाक सोडलं. तळवे विजारीला पुसले. खोलीत सगळे आपापल्या पडद्याकडे बघत असल्याचं दाखवत होते.

“रोज हे करता तुम्ही?” त्यांनी शेजारी बसलेल्या हर्षदाला विचारलं.

“रोज,” ती म्हणाली. “तुम्ही आता जरा बाहेर जाऊन या. सलीमच्या शेजारी जागा आहे.”

अहिरराव उठले आणि खरोखरच बाहेर गेले. हर्षदाच्या पडद्यावर नाशिकच्या अलीकडचा एक चौक उमटला होता. सिग्नल बंद, चारही बाजूंनी गाड्या, मधोमध एक म्हैस. तिने बाह्या वर सारल्या आणि चाक हातात घेतलं.